पांदणीसाठी टायर

कळंबच्या सायकल दुकानात मी विचारलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, टायर रोडसाठी असतंय. चिखलासाठी म्हैस असती."

दुकानात बसलेले दोघं हसले. मीही हसले, कारण अशा वेळी न हसलेलं जास्त लक्षात राहतं. मला हवं होतं ते टायर त्याच्याकडे नव्हतं. होती ती शाळेच्या मुलांच्या सायकलींची, बारीक नक्षीची. माणूस वाईट नव्हता. त्यानं माझ्या सायकलीचं मागचं चाक उचलून फिरवून पाहिलं आणि विचारलं, "कुठं नेणार ही?"

"शेतात."

"पावसाळ्यात?"

"हो."

"मग खांद्यावर घिऊन जावा."

मी सायकल घेऊन बाहेर पडले. उन्हाळा संपत आला होता आणि मला पाऊस लागायच्या आत टायर हवं होतं.

आमची वस्ती डांबरी रस्त्यापासून बरीच आत आहे. फाट्यावर वळलं की पांदण लागते, म्हणजे दोन्हीकडे लोकांची शेतं आणि मधून बैलगाडीपुरती वाट. उन्हाळ्यात त्या वाटेनं ट्रकसुद्धा येतो. पाऊस सुरू झाला की एखादा ट्रॅक्टर सोडला तर काहीच येत नाही. तेव्हापासून दिवाळीपर्यंत वस्त्यांवरचे सगळे लोक मोटारसायकली फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलामागे पत्र्याखाली लावतात, चपला हातात घेतात आणि चालत आत जातात. पत्र्याखाली कुणाची गाडी आहे यावरून कोण वस्तीवर आहे, कोण गावाला गेलंय, कुणाकडे पाहुणे आलेत, हे हॉटेलातल्या बाकावर बसून सांगता येतं. लोक सांगतातही.

चालत जायला मला तासभर लागतो. काळी माती प्रत्येक पावलाला थोडी थोडी चढते आणि मग पाय उचलायचा म्हणजे कुणाचं तरी ओझं उचलल्यासारखं होतं. यायला तेवढाच वेळ. मी कळंबच्या खोल्यांमधून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. सकाळी ठरलेल्या वेळी लॅपटॉपसमोर बसावं लागतं. चालत जाऊन येऊन ते वेळेत बसत नव्हतं. सायकलनं बसत होतं, चाकं फिरली तर.

रोज जायचं होतं ते अण्णांच्या पायासाठी. अण्णा म्हणजे माझे वडील.

कळंबच्या खोल्या आमच्या शाळेसाठी घेतलेल्या. मला आणि माझ्या भावाला इंग्रजी शाळेत घालायचं म्हणून आई आम्हाला घेऊन तालुक्याला राहिली आणि अण्णा एकटे वस्तीवर राहिले. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचं असंच होतं. बाजाराच्या दिवशी अण्णा दुधाची किटली घेऊन यायचे, जेवायचे, माझी वही उघडून उलटसुलट बघायचे आणि "लई बारीक लिव्हती की" एवढं म्हणून शेवटच्या एसटीनं परत जायचे. त्यामुळे मला माझे वडील बाजाराच्या दिवसापुरते माहीत होते. आमची शिक्षणं झाल्यावर आई वस्तीवर परत गेली. खोल्या राहिल्या. पुण्यातल्या ऑफिसनं घरून काम करायला सांगितल्यावर मी तिथं येऊन राहिले, येताना पुण्यात घेतलेली सायकल एसटीच्या टपावर टाकून आणली. वस्तीवर राहता आलं नसतं. तिथं रेंज नाही, फक्त विहिरीच्या कठड्यावर उभं राहिलं तर येते.

मग त्या हिवाळ्यात आई गेली. सकाळी धार काढून आली, बसली, आणि उठली नाही. मला तेव्हा काय झालं ते नीट सांगता येत नाही, कारण फारसं काही झालं नाही. आलेल्या बायकांना मी पाणी दिलं. पाण्याचा हंडा कुठं भरलेला आहे आणि पेले किती कमी पडताहेत हे मला दिसत होतं. आत्या माझ्याकडे बघून दुसऱ्या एका बाईला म्हणाली, "पोरगी लई घट्ट हाय. येक टिपूस न्हाय बघ डोळ्यात." ती हळू बोलत होती, पण मला ऐकू यावं इतपत. मी पेले धुवायला नेले.

उन्हाळ्यात अण्णांच्या पायात सोयाबीनचं धसकट घुसलं. कापणीनंतर रानात बुडखे राहतात, ते उन्हात खिळ्यासारखे होतात. अण्णांना साखरेचा आजार आहे. धसकट तळव्यात मोडून राहिलं आणि त्यांना कळलंच नाही. मी एका रविवारी गेले तेव्हा फरशीवर त्यांच्या ओल्या पावलांचे ठसे दिसले, एका पायाचे जास्त गडद. मी पाय दाखवा म्हणाले. ते म्हणाले, "काय नाय त्याला." मी पुन्हा म्हणाले.

कळंबच्या डॉक्टरांनी जखम साफ केली. मग अण्णांना डोळे मिटायला सांगून तळव्याला एक जाड दोरा ठिकठिकाणी टोचला.

"कळलं की हो म्हणा," डॉक्टर म्हणाले.

अण्णा डोळे मिटून बसले. दोऱ्यानं अंगठा झाला, टाच झाली, मधला भाग झाला. थोड्या वेळानं अण्णा म्हणाले, "करा की सुरू."

डॉक्टरांनी दोरा ठेवून दिला. रोज ड्रेसिंग, पाय ओला होऊ द्यायचा नाही, चिखल तर अजिबात नाही. रोज जखमेचा फोटो मला पाठवा, म्हणाले. परिचारिकेनं मला ड्रेसिंग शिकवलं. अण्णा दुसऱ्या कुणाला पायाला हात लावू देत नव्हते. शेजारच्या वस्तीवरच्या काकूंनी विचारलं होतं, तर त्यांना म्हणाले, "तुमी नका वहिनी, पाप लागंल मला."

माझा भाऊ संभाजीनगरला नोकरीला असतो. तो मोठा आहे आणि त्याचं सगळं ठरलेलं असतं. फोनवर म्हणाला, "आत्ताच त्यांना कळंबला आण. पाऊस लागला की तिथं कुत्रंसुद्धा जात नाही. तू रोज कशी जाणार?"

"सायकलवर."

त्यानं ते मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाला, "ठीक आहे. पण एक दिवस चुकला, की मी येतो आणि त्यांना आणून टाकतो. मग म्हैस नाही अन् रान नाही, काही ऐकणार नाही."

मी अण्णांना सांगितलं. ते गोठ्याच्या ओट्यावर बसले होते. पाय पालथ्या बादलीवर ठेवलेला. म्हणाले, "कळंबला मी दिवसभर काय बघू? भिंत?" आणि थोड्या वेळानं, "तुझी ती सायकल चालंल का पांदणीत?"

"टायर बदललं तर चालेल."

"मग बदल, माय."

म्हणजे सगळं त्या टायरवर येऊन ठेपलं होतं.

मी इंग्रजीत शोधलं. मला काही शोधायचं असलं की मी इंग्रजीतच शोधते, सवय आहे. चिखलातल्या टायरांवर लोकांनी पुष्कळ लिहिलेलं होतं आणि भांडणंही केलेली होती. एक बाजू म्हणत होती रुंद टायर घ्या, ते चिखलावर तरंगतं. दुसरी म्हणत होती बारीक घ्या, ते चिखल कापत खाली जातं आणि तळाच्या घट्ट जमिनीला धरतं. फोटोंमध्ये ओली पानं होती, झाडांची मुळं होती, उंच झाडांची जंगलं होती. तो चिखल बघून मला वाटलं, हा तर बराच सभ्य आहे. त्या चिखलाला तळ होता. आमच्या रानाला तळ नाही. उन्हाळ्यात भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो आणि तिथंही मातीच असते.

म्हणून मी रविवारी वस्तीवरून येताना खताच्या रिकाम्या गोणीत पांदणीतली माती आणली. खोलीच्या गॅलरीत घमेल्यात ती भिजवली आणि सायकल उभी करून तिचं पुढचं चाक त्यात हातानं फिरवत बसले. समोरच्या गॅलरीतल्या काकू कपडे वाळत घालत होत्या.

"काय करायलीस गं? चूल घालायलीस का?"

"नाही काकू."

"मग?"

"माती बघतेय."

"माती?" त्या कठड्यावरून वाकल्या. घमेल्याकडं बघितलं, चाकाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "लगीन करून घे बाई आता."

त्या आत गेल्यावर मी पुढं सुरू केलं. मला त्यात दोन गोष्टी समजल्या. एक म्हणजे चाक अडतं ते जमिनीमुळं नाही. चिखल टायरला चिकटून वर येतो आणि टायर व फ्रेम यांच्यामधल्या फटीत दाबून बसतो, तिथं ब्रेक लावल्यासारखं होतं. म्हणजे टायर जितकं रुंद तितकी फट कमी. आपल्याला बारीक हवं, आणि त्यावरची रबराची बटणं उंच आणि एकमेकांपासून लांब हवीत, म्हणजे मधली माती फिरताना गळून पडेल. दुसरी गोष्ट म्हणजे माती खूप पातळ असली की चिकटतच नाही. ओघळून जाते. ती चिकटते अर्धवट वाळताना. म्हणजे पाऊस थांबायची वाट बघायची नाही. पाऊस पडत असतानाच जायचं.

टायर मागवली. पार्सल आलं तेव्हा मी ती बाहेर काढून भिंतीला टेकवून ठेवली आणि त्यांच्याकडं थोडा वेळ बघत बसले. बऱ्याच महिन्यांत मी काही ठरवून आणलेलं ते पहिलंच होतं. आनंद झाला असं म्हणणार नाही. नव्या रबराचा वास खोलीत दोन-तीन दिवस राहिला. मडगार्ड मी काढून टाकली.

अण्णांनी टायर पाहिलं, बोटानं बटणं दाबून पाहिली आणि म्हणाले, "हे तर ट्रॅक्टरचं पिल्लू हाय."

आणि ते चाललं. पाऊस लागल्यापासून मी रोज गेले. पाऊस येत असला की बरं, नसला तर उजाडताना, रात्रीच्या पाण्यानं वाट अजून पातळ असताना. फाट्यावर हॉटेलातले लोक बाकावरून बघत. पहिल्या आठवड्यात कुणीतरी ओरडलं, "ओ ताई, गाडी पत्र्याखाली लावा की, फिरून इथंच येणाराय तुमी." मी मान खाली घालून वळले. वाटेत चाक दोनदा अडलं, काडीनं माती काढली, पुढं गेले. नंतर ते ओरडेनासे झाले. बाभळीचे काटे होते, पंक्चर मी बसूनच काढत असे. कुठं फारच अडलं तर सायकल खांद्यावर घेतली. दुकानदार म्हणाला होता तसंच.

अण्णांना पावसात येण्याचं कारण पटत नव्हतं. "उघडल्यावर ये की. असं भिजत कोण येतंय?" मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, मग नुसतं हूं म्हणायला लागले. ते ओट्यावर बसत, मी खाली गोणपाटावर. जुनी पट्टी सोडायची, सलाइननं धुवायचं, मलम, जाळी, नवी पट्टी. ते पायाकडं बघत नसत, म्हशीकडं बघत. "फाट्यावर किती झाला पाऊस?" "झाला बऱ्यापैकी." "वढ्याला पाणी?" "घोट्यापर्यंत." एवढंच बोलणं. आईबद्दल आम्ही कधी बोललो नाही. तिची धार काढायची चरवी दावणीशेजारी खुंटीला होती. शेजारच्या वस्तीवरच्या काकू येऊन धार काढत, त्या आपली चरवी आणत. मग मी विहिरीच्या कठड्यावर चढून डॉक्टरांना फोटो पाठवायची आणि परत निघायची. जखम भरत होती. डॉक्टर उत्तरात एक अंगठा पाठवायचे. भाऊ रोज दुपारी विचारायचा, "गेलीस?" आणि मी लिहायची, "गेले."

परतीच्या पावसात एके दिवशी मी ओढ्याच्या अलीकडच्या उतारावर पडले. पुढचं चाक घसरलं आणि मी कोपरावर आले. उठले, ओढ्यात हात धुतले, कपड्यांवरचं शक्य तितकं धुतलं आणि वर गेले. काही बोलले नाही. अण्णाही काही बोलले नाहीत. पावसात भिजलेली असल्यानं त्यांना कळलं नसेल असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी उजाडतानाच जाऊन आले, नंतर दिवसभर उघडीप होती. तिसऱ्या दिवशी सकाळी बारीक पाऊस येत होता. मी ओढ्याच्या अलीकडं आले आणि उतारावर वाट पिवळी दिसली. कुणीतरी सोयाबीनचं भुसकट टाकलं होतं. थोडंथोडकं नाही, सगळा उतार आणि ओढ्याच्या पलीकडचा चढ, पाट्याच्या पाट्या ओतून पसरलेलं. मळणीनंतर शेंगांच्या टरफलांचा आणि काड्यांचा जो ढीग जनावरांसाठी राहतो, तो. मला वाटलं बरं झालं, आता घसरणार नाही.

चाक सहा-सात फेऱ्या फिरलं असेल. मग पुढचं थांबलं, मागचं थांबलं, आणि मी उभीच राहिले. खाली बघितलं तर टायर दिसतच नव्हतं. बटणं नाहीत, फट नाही. माती आणि भुसकट एकत्र होऊन चाकाला गुंडाळून बसले होते, जाड, केसाळ. काडीनं काढायला गेले तर काडी मोडली. बोटांनी ओढलं तर निघेना, कारण आतल्या काड्यांनी एकमेकींना धरून ठेवलेलं. नुसती माती कधीतरी सुटते. ही सुटणारी नव्हती. घरं लिंपायला, भिंती उचलायला आमच्याकडं मातीत मुद्दाम भुसकट घालून तुडवतात, म्हणजे ती फुटत नाही, वर्षानुवर्षं राहते. अगदी तेच माझ्या चाकांना लागलं होतं, आणि बारीक पावसानं ते नीट भिजवूनही दिलं होतं.

सायकल उचलली तर उचलवेना. मी ती तशीच ओढत वर नेली, चाकं न फिरता.

अण्णा ओट्यावर होते. पाय बादलीवर. पायावर खताच्या गोणीच्या आतली प्लास्टिकची पिशवी चढवून सुतळीनं बांधलेली होती. पिशवी आतून काळी होती.

मी सायकल भिंतीला लावली.

"भुसकट कुणी टाकलं?"

"कुणी म्हंजी," अण्णा म्हणाले, "पडलं आसंल."

"अण्णा."

ते म्हशीकडं बघायला लागले. "तू पडलीस की परवा. मला दिसलं हितनं. तू वढा उतरल्याबिगर मी हितनं उठत न्हाय." मग म्हणाले, "पिशवी बांदली होती पायाला. काय न्हाय झालं."

मी गोणपाटावर बसले आणि सुतळी सोडायला लागले. गाठ भिजून आवळली होती, दातांनी सोडावी लागली. पिशवीत पाणी होतं. पिशवी खाली एका जागी फाटली होती, तिथून चिखल आत आलेला. पट्टी पट्टीसारखी दिसत नव्हती. ती सोडल्यावर वास आला. जखमेच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या आणि शेजारचं बोट निळसर काळं झालं होतं. मी त्या बोटाला हात लावला.

"दुखतंय का?"

"न्हाय की."

धुतलं, पुसलं, नवी पट्टी बांधली. माझे हात नेहमीसारखेच चालत होते. फोटो मी पट्टी बांधायच्या आधी काढला होता. विहिरीच्या कठड्यावर चढले. फोनमध्ये कालचा फोटो होता, स्वच्छ गुलाबी जखमेचा, आणि आत्ताचा होता. दोन्ही शेजारीशेजारी दिसत होते. मी आत्ताचा पाठवला. मग भावाला फोन लावून सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. त्यानं फक्त विचारलं, "कधी भिजला?" आणि मग, "मी निघतो."

डॉक्टरांचं उत्तर लगेच आलं. आजच आणा.

मी परत आले तेव्हा अण्णा ओट्यावरून उतरून भिंतीला धरून सायकलजवळ उभे होते. मी ओरडणार होते, पण ते कोरड्या फरशीवर होते. त्यांनी चाकावर हात ठेवला, तळवा फिरवला, थोडं चिमटीत घेऊन चुरडलं.

"ही तर लिंपायची माती झाली," ते म्हणाले.

मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना धरलं.

"ह्या घराच्या भिती म्या लिंपल्यात. भुसकट घालून. तुझी आई तुडवायची." ते चाकाकडंच बघत होते. "येवढं माहीत आसून मला त्या वक्ताला सुचलं न्हाय बघ. मला वाटलं घसराय नको."

"घसरले नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग "चल," म्हणाले. कुठं ते विचारलं नाही त्यांनी. त्यांना माहीत होतं.

शेजारच्या वस्तीवरचे काका ट्रॅक्टर घेऊन आले. पांदणीत तोही मागची चाकं जागेवर फिरवत, चिखल उडवत येत होता. काकांनी अण्णांना उचलून सीटशेजारच्या मडगार्डवर बसवलं.

"अण्णा, नवरदेवावानी बसा, पाय वर घ्या."

"हळू चालीव. म्हशीला बघ. तिला दावणीला बांधताना खालची गाठ मार, वरची सोडती ती."

"माहीताय मला. दहा बारीला सांगितलंय."

"मग अकराव्यांदा ऐक."

मी मागं ट्रॉलीत सायकलजवळ बसले. उतारावरून ट्रॅक्टर गेला तेव्हा भुसकट त्याच्या चाकांनाही लागलं, पण त्याला काही फरक पडला नाही. फाट्यावर हॉटेलातले लोक उठून उभे राहिले. एकानं येऊन अण्णांना पाणी दिलं. सायकलीबद्दल कुणी काही बोललं नाही.

ते बोट काढावं लागलं. धाराशिवच्या दवाखान्यात नेलं, भाऊ तिथंच आला होता. ऑपरेशन मोठं नव्हतं. बाहेर बाकावर बसून मी लॅपटॉपवर काम केलं, कारण त्या दिवशी एक काम देणं होतं. भाऊ शेजारी बसला होता. एकदा म्हणाला, "तू चुकली नाहीस. एक दिवससुद्धा." मी म्हणाले, "हो." त्याला आणखी काही म्हणायचं असावं, पण तोही आमच्याच घरातला.

अण्णा कळंबला आले. आता ते आईच्या खोलीत राहतात. वस्तीवर परत जायचं की नाही हे भावानं बोलायचं बंद केलंय, म्हणजे त्याच्या दृष्टीनं ते ठरलंय. म्हैस काकांकडं आहे. पहिले काही दिवस अण्णा गॅलरीत खुर्चीवर बसून समोरच्या काकूंच्या गॅलरीकडं बघत राहायचे. जेवण दिलं की जेवायचे. मी कामावर असले की खोकायचेसुद्धा दाबून. मला ते कळायचं, पण त्यावर काय करायचं ते कळत नव्हतं. त्यांच्याशी कुठं सुरुवात करायची हे मला अजूनही नीट येत नाही. आमच्यात बोलणं पायाच्या पट्टीवरून व्हायचं, आणि आता ड्रेसिंग करायला दवाखान्यातून परिचारिका येते.

सायकल जिन्याखाली तशीच होती. चिखल वाळून दगड झाला होता. रविवारी मी चाकं सोडून गॅलरीत आणली आणि स्क्रू ड्रायव्हरनं टोकरायला लागले. कपच्या उडून कठड्याच्या बाहेर जात होत्या. समोरच्या काकू बाहेर आल्या.

"आता काय करायलीस?"

"चाक साफ करतेय."

"माझ्या वाळवणावर उडायलंय की गं ते."

अण्णा खुर्चीवरून बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "असं न्हाय निघत ते. टायर खराब हुईल. आण हिकडं."

मी चाक नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी मांडीवर टॉवेल घेतला, मला ओलं फडकं आणि स्वयंपाकघरातली जुनी सुरी मागितली. मग एका जागी फडकं दाबून धरलं, नुसतं धरून बसले. बऱ्याच वेळानं सुरीचं टोक काडीखाली घालून अलगद ओढलं, आणि वीतभर लांबीची पट्टी सालीसारखी सुटून आली. खाली रबराची बटणं दिसली, एक, मग पुढचं. त्यांनी ती पट्टी बघितली, शेजारी ठेवली आणि पुढच्या जागी फडकं दाबलं. समोरच्या काकू अजून बघत होत्या. "घट झालीय ओ ती माती," त्या म्हणाल्या. "भुसकट हाय का त्यात?"

"व्हय," अण्णा म्हणाले. "म्याच घातलंय."

संध्याकाळपर्यंत पुढचं चाक झालं. त्यांनी ते हातानं फिरवून पाहिलं आणि माझ्याकडं देऊन म्हणाले, "मागलं आण."

मी मागचं चाक आणून देत होते तेवढ्यात फोन वाजला. भाऊ होता. अण्णांशी बोलायचं म्हणाला. मी फोन त्यांच्यापुढं धरला. त्यांनी मान हलवली. त्यांचे दोन्ही हात फडक्यावर होते.

"कामात हाय म्हणावं."

मी फोन कानाला लावला. "ते कामात आहेत."

"कसल्या कामात?" भावानं विचारलं.

मी त्याला सांगितलं.